तोंडाची कोरड : दर वेळी उष्णताच नसते

अंजनवेलच्या एक ताई ओपीडीत आल्या, त्या हातात पाण्याची बाटली घेऊनच. वय पन्नाशीचं. "डॉक्टर, भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही. रात्री जीभ टाळूला चिकटते. उष्णता म्हणून सब्जा घेतला, कोकम सरबत झालं, खडीसाखर चघळली. वर्ष झालं." करोना झाल्यापासून हे सुरू झालं, असं त्यांना वाटत होतं.

त्यांची शंका अगदीच अनाठायी नव्हती. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला सुमारे अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती बनवणाऱ्या ग्रंथींत काही विषाणू शिरतात. गालगुंड हे त्याचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण. त्यात ग्रंथी सुजते, पण बहुधा पूर्ववत होते. करोनाचा विषाणूही लाळग्रंथींत आढळतो, हे २०२१ मध्ये संशोधकांनी दाखवलं. त्या आजारात तोंड कोरडं पडल्याची तक्रार अनेकांनी केली, काहींची ती नंतरही टिकली.

दीर्घकाळच्या कोरडेपणाशी अधिक पक्का संबंध आहे तो हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही या दोन विषाणूंचा. या संसर्गांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी लाळग्रंथींत गर्दी करतात आणि लाळ आटते. शोग्रेन नावाच्या आजारातही असंच होतं. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथींवर उलटते, तोंडाबरोबर डोळेही कोरडे होतात. हा आजार स्त्रियांमध्ये कितीतरी जास्त दिसतो. एपस्टाइन-बार विषाणू त्याला चिथावणी देत असावा, असा संशय आहे. पण जगातल्या बहुतेक प्रौढांना हा विषाणू कधी ना कधी होऊन गेलेला असतो. म्हणून तो सापडला एवढ्यावरून दोष त्याचाच, असं म्हणता येत नाही.

मात्र विषाणूंच्या मागे लागण्याआधी साधी कारणं तपासावीत. सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे औषधं : सर्दी-ॲलर्जीच्या, नैराश्याच्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या. त्याखालोखाल मधुमेह, तोंडाने श्वास घेणं, मिश्री आणि तंबाखू. गोळ्या मात्र मनाने बंद करू नका, पिशवीतून डॉक्टरांकडे घेऊन या.

या ताई कोणतीही गोळी घेत नव्हत्या, साखरही ठीक होती. चौकशीत कळलं, पूर्वी बाळंतपणात त्यांना रक्त चढवलं होतं. तपासणीत हिपॅटायटिस सी निघाला. त्या घाबरल्या. पण हा आजार बरा होतो. बहुतेकांना १२ आठवडे गोळ्या पुरतात आणि शंभरातल्या पंच्याण्णवहून अधिक जणांच्या रक्तातून विषाणू जातो. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली ठरावीक सरकारी केंद्रांत तपासणी व उपचार मोफत आहेत. ताईंच्या रक्तातला विषाणू गेला. कोरड कमी झाली, पूर्ण गेली नाही. पण त्या तक्रारीमुळे यकृत खराब होण्याआधी आजार सापडला, हे महत्त्वाचं.

तीन महिन्यांहून अधिक काळ तोंड कोरडं राहत असेल, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपत असेल किंवा कानाखाली सूज असेल, तर डॉक्टरांना दाखवा. साखर, एचआयव्ही, हिपॅटायटिस सी आणि गरजेनुसार शोग्रेनची रक्ततपासणी करून घेता येते.

तोवर घोटघोट पाणी प्या, भाकरी आमटीत कुस्करून खा, फ्लोराइडची पेस्ट वापरा. खडीसाखर, चिंच, आमसूल सतत तोंडात ठेवू नका. लाळ आम्ल धुऊन काढते आणि दात राखते. ती नसताना गोड-आंबट दोन्ही दात किडवतात. चघळायचंच असेल तर बिनसाखरेचं च्युइंगगम चघळा. आणि मिश्रीची डबी तेवढी कायमची बाजूला ठेवा.