टेंभुर्णीच्या चौकातून चार दिवसांची सावकाश सफर

पुणे-सोलापूर महामार्ग चौपदरी झाल्यापासून हा प्रवास चार-साडेचार तासांवर आला आहे. सोलापूरच्या अलीकडे सुमारे ९० किलोमीटरवर असलेले टेंभुर्णी हे बहुसंख्य वाहनचालकांच्या लेखी चहासाठी थांबण्याचे ठिकाण किंवा पंढरपूरला वळण्याची खूण, एवढेच उरले आहे. वास्तविक या चौकातून पंढरपूर, कुर्डुवाडी, करमाळा आणि अकलूज अशा चारही बाजूंना रस्ते फुटतात. तासाभराच्या आत-बाहेरच्या अंतरावर नदीसंगम, जुनी मंदिरे, पाणपक्षी आणि रेल्वेचा इतिहास आहे. पती-पत्नी दोघेच, स्वतःची मोटार आणि हाती चार दिवस, असा योग असेल तर टेंभुर्णीला मुक्काम ठेवून हा परिसर निवांत पाहता येतो.

प्रवासाच्या या पद्धतीसाठी मेक्सिकोचे उदाहरण घेण्याजोगे आहे. तेथे टोल भरून वेगाने जाण्याचे मार्ग ‘कुओता’ म्हणून, तर गावागावांतून जाणारे विनाटोल रस्ते ‘लिब्रे’ म्हणून ओळखले जातात. सवड असलेली जोडपी दुसरा रस्ता धरतात. गतिरोधक सोसत गावाच्या चौकात थांबतात, मंडईत जेवतात. मेक्सिको सरकारने २००१ मध्ये ‘पुएब्लोस माहिकोस’, म्हणजे जादुई गावे, ही योजना सुरू केली. २०२३ पर्यंत तिच्यातील गावांची संख्या १७७ झाली. पर्यटक समुद्रकिनाऱ्यांवर न अडकता आतील गावांत उतरावा, त्याचे दोन पैसे तेथे खर्च व्हावेत, हा तिचा उद्देश. महाराष्ट्राने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणले. मात्र गाव हेच प्रवासाचे ठिकाण मानण्याची सवय आपल्याकडे अजून रुजायची आहे. बाह्यवळणांमुळे वाहने गावाबाहेरूनच निघून जातात, आणि गावातल्या खाणावळवाल्याच्या वाट्याला केवळ त्यांचा आवाज येतो.

सफरीचा पहिला दिवस उजनी जलाशयाला द्यावा. पुण्याहून येताना भिगवणपासूनच त्याची सोबत सुरू होते. हिवाळ्यात भिगवण-कुंभारगाव परिसरात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. भीमेवरील हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि त्याखाली अनेक गावे गेली. इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे जुने पळसनाथ मंदिर त्यांपैकीच. पाणी बरेच खाली गेले की त्याचे शिखर आणि खांब उघडे पडतात. गावकऱ्यांचे पुनर्वसन झाले, पण देऊळ पाण्यातच राहिले.

‘उजनी उणे’ अशा बातम्या उन्हाळ्यात वाचून अनेकांना कोडे पडते. रिकाम्याहून रिकामे धरण ते कसे? त्याचे उत्तर साठ्याच्या हिशेबात आहे. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ अब्ज घनफूट. त्यातील तब्बल ६३ अब्ज घनफुटांहून अधिक साठा ‘मृत’ गणला जातो, म्हणजे कालव्यांची नेहमीची पातळी संपल्यानंतरही तो धरणात उरतो. टक्केवारी मात्र उरलेल्या सुमारे ५३ अब्ज घनफूट उपयुक्त साठ्यावर काढतात. त्यामुळे मृतसाठ्याला हात लागला की आकडा शून्याच्या खाली जातो. २०२४ च्या उन्हाळ्यात तो उणे ५० टक्क्यांच्याही खाली घसरला होता. साहजिकच, प्रवाशाला बुडालेले मंदिर दिसते ते वर्ष शेतकऱ्याच्या दृष्टीने वाईटच असते.

जलाशयातील होडीचा मोह टाळलेला बरा. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगाव येथून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा मृत्यू झाला. काठावरच्या लोकांना रस्त्याचा मोठा वळसा वाचवण्यासाठी जलवाहतुकीचा आधार घ्यावा लागतो, हे या घटनेने सर्वांसमोर आणले. पक्षी पाहायला पाण्यात उतरायचेच असेल तर जीवरक्षक जाकीट असल्याखेरीज बसू नये. दुपारनंतर वारा उठण्याची चिन्हे दिसत असतील तर जाकीट असूनही बसू नये.

दुसऱ्या दिवशी नीरा नरसिंहपूर आणि वेळापूर. नीरा व भीमा यांच्या संगमावरील नरसिंहपूर हे पुणे जिल्ह्याचे टोक. पलीकडे सोलापूर जिल्हा. येथील लक्ष्मी-नृसिंह अनेक मराठी घराण्यांचे कुलदैवत आहे. पेशवाईतील सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांनी मंदिराचा जीर्णोद्धार केला. संगमाचा घाट सकाळच्या उन्हात पाहावा. अकलूजपुढे असलेल्या वेळापूरला यादवकालीन अर्धनारीनटेश्वराचे मंदिर आहे. नावावरून अर्धे अंग पुरुषाचे, अर्धे स्त्रीचे अशी मूर्ती अपेक्षित असते; प्रत्यक्षात शिव आणि पार्वती शेजारी शेजारी आहेत. दोघांनी मिळून केलेल्या सफरीत एवढा एक थांबा चुकवू नये.

तिसऱ्या दिवसासाठी कुर्डुवाडी पुरेसे आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने उभारलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये येथून बार्शीपर्यंत धावू लागली. अडीच फूट रुंदीची ही अरुंद वाट १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. वारकऱ्यांच्या कित्येक पिढ्या या छोट्या गाडीने विठ्ठलाला गेल्या. आता सर्वत्र ब्रॉडगेज आहे. पुढे बार्शीला भगवंताचे मंदिर आहे; वेळ उरलाच तर परांड्याचा भुईकोट आणि त्यावरील तोफा पाहून परतता येते.

चौथा दिवस करमाळ्याचा. वाटेत कंदर परिसरातील केळीच्या बागा लागतात. येथील केळी परदेशी जातात. रावरंभा निंबाळकरांनी अठराव्या शतकात उभारलेल्या कमलाभवानी मंदिराची ठेवण दक्षिणी वळणाची आहे. मंदिराला ९६ खांब आणि जवळच्या विहिरीला ९६ पायऱ्या, असे अभिमानाने सांगितले जाते. मोजून पाहण्यास अर्थात कोणाची हरकत नसते.

ऋतू निवडताना डिसेंबर-जानेवारीला प्राधान्य द्यावे. थंडी, पक्षी आणि शेतावरचा ज्वारीचा हुरडा हे तिन्ही त्याच सुमारास साधते. आषाढी-कार्तिकीच्या आसपास पंढरपूरच्या रस्त्यांवर मोटार नेऊ नये. वारकऱ्यांना अडथळा होतो आणि मुक्कामाला जागाही मिळत नाही. मात्र हिवाळा हाच उसाच्या गाळपाचाही हंगाम. माढा, माळशिरस, करमाळा या पट्ट्यात कारखाने अनेक असल्याने दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रात्रभर रस्त्यावर असतात. कित्येकांना मागे दिवा किंवा परावर्तक पट्टीही नसते. म्हणून दिवस मावळण्यापूर्वी टेंभुर्णीला परतावे, आणि शेंगाची चटणी, कडक भाकरीचे जेवण गावातल्याच खाणावळीत घ्यावे.