वीस मिलिमीटरची किंमत

चारही चाकांना ताकद पोचवणाऱ्या गाडीला मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवण्यामागे एकच भक्कम यांत्रिक कारण आहे: गाडीचा सर्वांत खालचा भाग जमिनीपासून आणखी वर नेणे. गाडी रुबाबदार दिसते हेही कारण असतेच, आणि बरेच बदल त्यापोटीच होतात. पण रुबाबाचा हिशेब वेगळा. पहिले कारण तपासायला मारुती सुझुकीची जिम्नी हे सोयीचे उदाहरण आहे. जून २०२३मध्ये भारतात विक्रीला आलेली ही पाच दारांची गाडी लहान आणि हलकी आहे, आणि तिची बांधणी जुन्या वळणाची आहे. खाली शिडीच्या आकाराची चासी, पुढे आणि मागे अखंड ॲक्सल, त्यावर कॉइल स्प्रिंगा. मोठ्या टायरचे आणि गाडी थोडी उचलण्याचे बहुतेक परिणाम या रचनेत उघडपणे पाहता येतात.

जिम्नीचा मूळ टायर १९५/८० आर १५ या मापाचा. म्हणजे रुंदी १९५ मिलिमीटर, टायरच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ८० टक्के, आणि रिम १५ इंचांची. रिमचे ३८१ मिलिमीटर आणि वरखालच्या दोन भिंतींचे ३१२ धरले, की टायरचा पूर्ण व्यास भरतो ६९३ मिलिमीटर. हौशी मंडळींची नजर सहसा २३५/७५ आर १५ या मापावर असते. त्याचा व्यास ७३३.५ मिलिमीटर. फरक साधारण ४० मिलिमीटरचा. पण चाकाचा मध्य जमिनीपासून अर्ध्या व्यासावर असतो, त्यामुळे ॲक्सल वर जातो तो फक्त २० मिलिमीटर. गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स कागदोपत्री २१० मिलिमीटर आहे. तो झाला २३०.

गाडी उचलणे, म्हणजेच लिफ्ट, याबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज इथेच आहे. अखंड ॲक्सलच्या गाडीत सर्वांत खाली असतो तो ॲक्सलच्या पोटातला डिफरन्शियलचा फुगवटा. तो चाकांना जखडलेला असतो. स्प्रिंगा कितीही उंच बसवल्या तरी वर जाते ती चासी आणि बॉडी. फुगवटा होता तिथेच राहतो. मावळात किंवा कोल्हापूरच्या पश्चिम भागात पावसाळ्यात ट्रॅक्टरने पाडलेल्या खोल चाकोऱ्यांतून गाडी घातली, की दोन चाकोऱ्यांमधला मातीचा उंचवटा नेमका या फुगवट्याला भिडतो. तिथे लिफ्टचा उपयोग शून्य, टायरचे वीस मिलिमीटर मात्र कामाला येतात. बांध किंवा रस्त्यावरचा उंचवटा ओलांडताना गोष्ट उलटी असते. त्या वेळी टेकते ते दोन ॲक्सलमधले पोट, आणि ते उचलण्यात लिफ्टचाही वाटा असतो. पाच दारांच्या जिम्नीत पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर २५९० मिलिमीटर आहे, तीन दारांच्या मूळ गाडीत २२५०. म्हणून पोट न टेकता उंचवटा ओलांडण्याचा कोन तीन दारांच्या गाडीत २८ अंश, तर पाच दारांच्या गाडीत २४ अंशच उरतो.

मग टायर मोठा करायला लिफ्ट का लागते? जागेसाठी. एक चाक दगडावर चढून आत दाबले जाते आणि दुसरे खड्ड्यात लोंबते, तेव्हा वरचे चाक मडगार्डच्या कमानीत घुसते. २१५/७५ आर १५ हे ७०३.५ मिलिमीटर व्यासाचे माप मूळ टायरपेक्षा जेमतेम दहा मिलिमीटरने मोठे आहे. ते सहसा काहीही न बदलता बसते. २३५चा टायर सपाट रस्त्यावर उभा राहील, पण स्टिअरिंग पूर्ण वळवून खड्ड्यात उतरले की तो कुठे ना कुठे घासतो. घासण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: बंपरचा खालचा कोपरा, कमानीच्या आतले प्लास्टिकचे अस्तर, आणि पूर्ण वळणावर ॲक्सलला चासीशी जोडणारा दांडा. पहिल्या दोन जागी थोडे कापून, थोडे वळवून भागते. दांड्यावर घासणारा टायर आतल्या भिंतीवर झिजतो, आणि ती झीज गाडीखाली वाकल्याशिवाय दिसत नाही. स्टिअरिंगचा थांबा किंचित आधी आणणे हा त्यावरचा उपाय. मोबदल्यात गाडीला वळायला जास्त जागा लागते.

सौम्य लिफ्ट म्हणजे ३० ते ५० मिलिमीटर. ती दोन प्रकारे होते. मूळ स्प्रिंगवर पॅकिंगचा जाड तुकडा ठेवायचा, किंवा लांब स्प्रिंगा आणि त्यांना जुळणारे लांब शॉक ॲब्सॉर्बर बसवायचे. पॅकिंग स्वस्त पडते. पण मूळ शॉक ॲब्सॉर्बरची लांबी तीच राहिल्याने चाक खाली लोंबताना तो लवकर पूर्ण ताणला जातो आणि गचका बसतो. शिवाय चाक जितके कमी लोंबेल तितके ते लवकर हवेत उचलले जाते, म्हणजे ज्या कामासाठी खर्च केला त्याच कामात गाडी मागे पडते. पैसे वाचवायचेच असतील तर ते दुसरीकडे वाचवावेत.

लिफ्टमुळे स्टिअरिंगही बिघडू शकते. पुढचा ॲक्सल दोन लांब दांड्यांनी चासीला धरलेला असतो. चासी वर गेली की हे दांडे तिरपे होतात आणि ॲक्सल स्वतःभोवती किंचित फिरतो. त्यामुळे कॅस्टर हा कोन कमी होतो. वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होते ते बऱ्याच अंशी याच कोनामुळे. तो घटला की हमरस्त्यावर गाडी सरळ ठेवायला सतत हात मारावा लागतो. यासाठी मध्यापासून सरकवलेल्या भोकाचे कॅस्टर बुश मिळतात. ॲक्सलला आडवा धरून ठेवणारा पॅनहार्ड रॉडही तिरपा होतो आणि ॲक्सल काही मिलिमीटर एका बाजूला सरकतो. तिथे लांबी जुळवता येणारा रॉड लागतो. ब्रेकच्या नळ्या आणि एबीएसच्या वायरी चाक पूर्ण लोंबल्यावर ताणल्या जात नाहीत ना, हे गाडी जॅकवर घेऊनच पाहावे लागते. जिम्नीसारख्या गाड्यांत कधी कधी ठरावीक वेगाला स्टिअरिंग जोरात थरथरू लागते. जड आणि नीट बॅलन्स न केलेले टायर तो दोष वाढवतात. अशा वेळी स्टिअरिंग डॅम्पर बदलून थरथर दबते. मूळ कारण मात्र बहुधा झिजलेल्या बेअरिंगमध्ये किंवा बुशमध्ये असते.

नाशिकला तयार होणाऱ्या महिंद्रा थारचे चित्र निम्मेच वेगळे आहे. २०२०पासूनच्या थारमध्ये पुढची चाके स्वतंत्र सस्पेन्शनवर आहेत आणि मागे अखंड ॲक्सल आहे. पुढचा डिफरन्शियल चासीला जोडलेला असल्याने लिफ्टबरोबर तोही वर जातो. पण त्याच्यापासून चाकांकडे जाणारे शाफ्ट तिरपे होतात, त्यांच्या सांध्यांवर ताण येतो आणि सांध्यांवरची रबरी बुटे लवकर फाटतात. मागचा फुगवटा इथेही टायर मोठा केल्याशिवाय वर जात नाही.

रिमचा मुद्दा दुकानात घाईत सुटतो. जिम्नीची मूळ रिम साडेपाच इंच रुंद आहे. २१५च्या टायरला ती चालते. २३५/७५ला मात्र टायर कंपन्या साधारण सहा इंचांपासून पुढची रुंदी सांगतात. अरुंद रिमवर टायर फुगीर बसतो, मधोमध जास्त झिजतो आणि वळणावर डुलतो. नवी रिम घेताना चाक बाहेर किती येते तेही बघावे लागते. बाहेर आलेले चाक दिसते दणकट, पण वळताना ते मोठ्या वर्तुळात फिरते, म्हणून बंपरला अधिक घासते आणि बेअरिंगवरचा भार वाढवते.

आता इंजिनाची बाजू. नवा टायर मूळ टायरपेक्षा ५.८ टक्के मोठा आहे, म्हणजे चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात गाडी तेवढी जास्त पुढे जाते. सगळे गिअर तेवढ्याच प्रमाणात उंच झाल्यासारखे होतात. १३४ न्यूटन-मीटर टॉर्कच्या दीड लिटर पेट्रोल इंजिनाला हे जाणवते. कसारा किंवा वरंध घाटात चढताना खालचा गिअर आधी टाकावा लागतो. फोर-लोमध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या संथ गिअरमध्ये, वेग निम्म्यावर येतो, त्यामुळे रानात फारसे अडत नाही. पण तीव्र उतारावर इंजिनाचा अटकाव थोडा कमी पडतो. वाढलेल्या व्यासामुळे आणि चाकाच्या वजनामुळे ब्रेकनाही जास्त काम पडते. किलोमीटरचा काटा हजार दाखवतो तेव्हा गाडी १०५८ धावलेली असते. मोठ्या टायरवर ॲव्हरेज फार पडले या तक्रारीतला काही भाग या आकडेमोडीचाच असतो. स्पीडोमीटरचेही तसेच. कारखान्यातून तो सहसा खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्त दाखवणारा असतो. ती सवलत मोठा टायर खाऊन टाकतो.

टायर चार नव्हे, पाच घ्यावे लागतात. जिम्नीत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये मधला डिफरन्शियल नाही. लहान व्यासाची स्टेपनी लावून फोर-व्हीलवर गाडी चालवली की दोन्ही ॲक्सल वेगवेगळ्या गतीने फिरू पाहतात आणि मधल्या यंत्रणेला पीळ बसतो. जड स्टेपनी मागच्या दारावर टांगली जाते, तेव्हा दाराच्या बिजागऱ्यांचाही विचार करावा लागतो. टायरवरचा भारांक मूळच्या ९६पेक्षा, म्हणजे प्रति टायर ७१० किलोपेक्षा, कमी नसावा.

एवढ्या खटाटोपाआधी एक स्वस्त गोष्ट करून बघण्यासारखी आहे: मूळ मापाचे किंवा २१५चे ऑल-टेरेन टायर, हवेचा मीटर आणि छोटा कॉम्प्रेसर. चिखलात किंवा वाळूत हवा १६ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवली की टायरचा जमिनीला टेकलेला भाग लांब होतो आणि पकड एकदम वाढते. मोठ्या टायरच्या नावावर खपणारी पुष्कळशी पकड खरे तर कमी हवेची असते. रत्नागिरीकडच्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर मात्र हवा उतरवताना जपावे लागते. तिथल्या धारदार कडा टायरची भिंत चिरतात. डांबरी रस्त्यावर परतताना हवा पुन्हा भरलीच पाहिजे, नाहीतर भिंत तापून टायर फुटतो.

कायद्याची बाजू भारतात कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार निर्मात्याने ठरवलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए मध्ये विनापरवाना बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. निर्मात्याने त्याच गाडीच्या दुसऱ्या प्रकारात दिलेले माप लावणे तुलनेने निर्धोक. थारमध्ये कंपनीच २४५/७५ आर १६ आणि २५५/६५ आर १८ अशी दोन मापे देते. त्यापलीकडचे माप आणि लिफ्ट यांबद्दल खरेदीआधीच आरटीओत चौकशी करावी आणि विमा कंपनीला लेखी कळवून तिचे उत्तरही लेखी घ्यावे, कारण अपघातानंतर दाव्याची तपासणी करणारा माणूस आधी टायरवरचे आकडे वाचतो.