‘फॅनगर्ल’ : विद्यापीठीय जीवन आणि स्वस्वीकाराची प्रणयकादंबरी

प्रणयकादंबरी आपल्या अभ्यासमंडळांच्या चर्चेत क्वचितच येते. रंजनपर वाङ्मय म्हणून ती बाजूला सारण्याची आपली सवय जुनी आहे. तथापि वर्गातील अनेक विद्यार्थिनी जे आवडीने वाचतात, त्याची दखल अध्यापकांनी घेणे आवश्यक आहे, या भूमिकेतून प्रस्तुत लेखात रेनबो रोवेल या अमेरिकन लेखिकेच्या ‘फॅनगर्ल’ (२०१३) या कादंबरीचा विचार केला आहे.

‘न्यू अ‍ॅडल्ट’ ही संज्ञा २००९ साली सेंट मार्टिन्स प्रेस या प्रकाशनसंस्थेने एका लेखनस्पर्धेच्या निमित्ताने प्रचारात आणली. किशोरवाङ्मयाची जवळीक असलेले, परंतु अठरा वर्षांवरील वाचकांसाठी असलेले लेखन त्यांना अभिप्रेत होते. मराठीत त्यास ‘नवप्रौढ साहित्य’ म्हणता येईल. ‘फॅनगर्ल’ याच संस्थेने प्रसिद्ध केली. ती किशोरविभागात ठेवली जात असली, तरी तिचे आशयद्रव्य नवप्रौढच आहे.

कॅथ आणि रेन या ओमाहा येथील जुळ्या बहिणी लिंकनच्या नेब्रास्का विद्यापीठात प्रवेश घेतात. एकाच खोलीत राहण्यास रेन नकार देते आणि कॅथ प्रथमच एकटी पडते. कादंबरीतील सर्वांत बोलका तपशील येथे येतो. भोजनगृहात रांग कोठे लावायची, ताट कोठून घ्यायचे, कोठे बसायचे हे ठाऊक नसल्यामुळे कॅथ तेथे पाऊलच ठेवत नाही. खोलीतच पीनट बटर आणि एनर्जी बारवर दिवस काढते. वसतिगृहाचे काम पाहिलेल्या कोणाही अध्यापकास ही मुलगी ओळखीची वाटेल. तिची खोलीसोबतीण रीगन अखेर तिला जेवायला घेऊन जाते. उपदेश मात्र करत नाही.

कॅथचे खरे जग ‘सायमन स्नो’ या काल्पनिक मालिकेवरील तिच्या फॅन फिक्शनमध्ये आहे. संगणकाच्या पडद्यावर तिला हजारो वाचक आहेत. वर्गात मात्र असेच लेखन सादर करताच प्राध्यापिका पायपर त्यास वाङ्मयचौर्य ठरवून अनुत्तीर्ण करतात. पात्रे उसनी असली तरी शब्द आपले आहेत, असे कॅथला वाटते. गंमत अशी, की कॅथसह लिहिलेली कथा निक हा सहाध्यायी केवळ स्वतःच्या नावाने देतो. लेखकत्व म्हणजे काय, हा प्रश्न कादंबरी अशा आडवाटेने विचारते. पायपरबाई पुढे कॅथला दुसरी संधी देतात. ती स्वतःची कथा लिहिते, तिला पारितोषिकही मिळते. परंतु फॅन फिक्शन सोडण्याची अट कादंबरी तिला घालत नाही.

लीव्हाय या नायकाचे चित्रणही विचारात घेण्याजोगे आहे. त्याला वाचन जमत नाही. तो ऐकून शिकतो. कॅथ त्याला रात्रभर पुस्तक वाचून दाखवते, त्यातून प्रेम उमलते. मुलींना लहानपणी सोडून गेलेली आई आणि मानसिक विकाराने ग्रासलेले वडील यांमुळे कॅथला ‘आपणही तशाच होऊ’ अशी भीती आहे. ही भीती प्रेमाने नाहीशी होत नाही, हे लेखिकेने प्रामाणिकपणे दाखवले आहे.

उणिवा आहेतच. सायमन स्नोचे उतारे अनेकदा लांबतात, रेनच्या अतिमद्यपानाचे संकट फार लवकर निवळते, आणि लीव्हायने दुसऱ्या मुलीचे घेतलेले चुंबन जरा सहजच माफ होते. प्रणयकादंबरीचा साचा येथे कथानकावर मात करतो.

मराठी वाचकास या संदर्भात भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’चे (१९६३) स्मरण होणे स्वाभाविक आहे. पांडुरंग सांगवीकरही घर सोडून पुण्याच्या वसतिगृहात येतो आणि परका होतो. मात्र तो रिकाम्या हातांनी गावी परततो, कॅथ टिकते. हा फरक केवळ वाङ्मयप्रकाराचा आहे असे मला वाटत नाही. पांडुरंगला कोणी रीगन भेटली नाही, आणि नापास केल्यानंतर पुन्हा बोलावून घेणारी पायपरबाईही भेटली नाही.