पाण्याखालचे छायाचित्रण : भिंग आधी, मेगापिक्सेल नंतर

शेगावसारख्या समुद्रापासून दूरच्या गावातून मालवणच्या प्रवाळांची छायाचित्रे टिपण्यास जाणाऱ्याने हे ध्यानी घ्यावे की, १९८७ साली सागरी अभयारण्य घोषित झालेल्या या परिसरात पाण्यात गाळाचे कण तरंगत असल्याने कॅमेरा व विषय यांमधील पाणी जितके कमी, तितके चित्र स्पष्ट येते. म्हणून प्रवाळांसाठी जवळूनही विस्तृत दृश्य सामावणारे वाइड अँगल भिंग, तर बोटाच्या पेराएवढ्या समुद्री गोगलगाईसाठी मॅक्रो भिंग योग्य ठरते. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचे प्रमाण, सुमारे १.३३ असल्याने जलरोधक पेटीच्या सपाट काचेतून दृश्यकोन आक्रसतो. घुमटाकार काच तो पूर्ववत करते. २४ मेगापिक्सेलचे, म्हणजे ६००० × ४००० बिंदूंचे चित्र २० इंच रुंद छपाईला पुरते. गढूळपणात हरवलेला तपशील मात्र अधिक बिंदूंनीही परत मिळत नाही.