राणीची बाग : एका सार्वजनिक उद्यानाची जडणघडण

दाट वस्तीच्या शहरात मोकळी हवा आणि झाडांची सावली सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. ज्याच्या घराला अंगण नाही, त्याच्यासाठी सार्वजनिक उद्यान हेच अंगण असते. मुंबईत भायखळा येथे असलेली 'राणीची बाग' हे पिढ्यान्‌पिढ्या असे अंगण ठरले आहे. वाघ, हत्ती आणि पाणघोडा पाहण्याची जागा म्हणून ती सर्वपरिचित आहे. मात्र तिचा आरंभ प्राण्यांपासून झाला नाही. तो झाडांपासून झाला.

पश्चिम भारतातील शेती व बागायत सुधारावी, या हेतूने 'ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी' ही संस्था एकोणिसाव्या शतकात काम करीत होती. १८३५ मध्ये तिने शिवडी येथे वनस्पती उद्यानासाठी जागा मिळवली. वनस्पती उद्यान म्हणजे केवळ फुलझाडांची शोभिवंत बाग नव्हे. देशोदेशींची झाडे आणून ती इथल्या हवापाण्यात रुजतात का, हे तेथे पाहिले जाते. झाडांची नावे आणि गुणधर्म यांची नोंदही ठेवली जाते. पुढे शिवडीची जागा सरकारने दफनभूमीसाठी घेतली, तेव्हा संस्थेला नवी जागा शोधावी लागली.

याच सुमारास शहरात आणखी एक विचार आकार घेत होता. १८५८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार संपून भारताची सत्ता इंग्लंडच्या राणीकडे गेली. त्या निमित्ताने राणी व्हिक्टोरियाच्या नावाने मुंबईत एक संग्रहालय उभारावे, असे ठरले. या कार्यात जगन्नाथ शंकरशेट, म्हणजेच नाना शंकरशेट, पुढे होते. १८०३ मध्ये मुरबाड येथे जन्मलेले नाना हे मुंबईचे नामांकित व्यापारी होते. शिक्षणसंस्था आणि पहिली रेल्वे यांच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा होता. व्यापारातून मिळालेले धन काही अंशी शहराच्या कामी यावे, ही त्यांची वृत्ती होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांनीही या कामाला हातभार लावला.

काळही अनुकूल होता. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले आणि तेथून इंग्लंडच्या गिरण्यांना जाणारा कापूस अडला. त्यामुळे भारतातील कापसाला विलक्षण भाव आला व मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे पैशाचा ओघ सुरू झाला. त्या संपत्तीचा काही भाग देणग्यांच्या रूपाने सार्वजनिक कामांकडे वळला. माझगावच्या 'माउंट इस्टेट' या जागेवर सुमारे ३३ एकरांची बाग तयार झाली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी राज्यपालांच्या पत्नी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते तिचे उद्‌घाटन झाले. 'व्हिक्टोरिया गार्डन्स' हे तिचे नाव लोकांच्या तोंडी 'राणीची बाग' झाले. संग्रहालयासमोरचा घड्याळाचा मनोरा डेव्हिड ससून या व्यापाऱ्याच्या देणगीतून उभा राहिला.

परंतु भरभराट टिकली नाही. १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध थांबले, कापसाचे भाव कोसळले आणि अनेक पेढ्या बुडाल्या. देणग्यांचा ओघ आटला. त्याच वर्षी जुलै महिन्यात नाना शंकरशेट यांचे निधन झाले. संग्रहालयाचे अपुरे राहिलेले काम अखेर सरकारने हाती घेतले आणि १८७२ मध्ये ते जनतेसाठी खुले झाले. ज्यांनी त्यासाठी परिश्रम घेतले, त्या नानांना ते पाहता आले नाही. पुढच्याच वर्षी, १८७३ मध्ये, बागेची व्यवस्था मुंबई नगरपालिकेकडे आली. देणगीतून एखादे काम सुरू होते. पण ते टिकवण्यासाठी दरवर्षी पाणी, माळी आणि पैसा लागतो. ही जबाबदारी पेलणारी कायमची व्यवस्था नसेल, तर उत्तम बागही उजाड होते.

१८९० मध्ये बागेला आणखी सुमारे १५ एकर जागा जोडून प्राणिसंग्रहालय विकसित करण्यात आले. स्वातंत्र्यानंतर बागेला 'वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान' असे नाव देण्यात आले, तर १९७५ मध्ये संग्रहालयाला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव मिळाले. तरीही 'राणीची बाग' हे जुने नाव बोलण्यात कायम राहिले.

आज येथे अडीचशेहून अधिक जातींची सुमारे तीन हजार झाडे आहेत. आफ्रिकेतील गोरखचिंच, दक्षिण अमेरिकेतील कैलासपती आणि म्यानमारमधील नाजूक फुलांची उर्वशी ही त्यांपैकी काही. प्राणी पाहण्यासाठी गर्दी होते, झाडांकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. २००७ च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाच्या नूतनीकरणाची मोठी योजना पुढे आली, तेव्हा जुन्या झाडांचे काय होणार, हा प्रश्न निर्माण झाला. काही जागरूक नागरिकांनी झाडांची गणना केली, त्यांची माहिती गोळा केली आणि ती अधिकाऱ्यांसमोर मांडली. या प्रयत्नांमुळे ती योजना मूळ स्वरूपात अमलात आली नाही. पुढे बागेत इतर अनेक बदल झाले. २०१७ मध्ये पेंग्विन पक्ष्यांचे दालन लोकांसाठी खुले झाले. परंतु कोणताही बदल करताना झाडांचा विचार केला पाहिजे, हे त्या नागरिकांनी सर्वांच्या मनावर ठसवले.

राणीच्या बागेला संस्थेने जागा दिली, व्यापाऱ्यांनी धन दिले आणि नगरपालिकेने तिचा सांभाळ केला. या तिघांइतकाच महत्त्वाचा चौथा घटक म्हणजे तिचा वापर करणारा सामान्य माणूस. आपल्या गावातील उद्यानात कोणती झाडे आहेत, ती कोणी लावली आणि त्यांना पाणी कोण घालते, हे ज्याला ठाऊक असते, त्यालाच त्यांपैकी एखादे झाड तोडले जात असताना त्याचा जाब विचारता येतो.