पायांचं काम बोटांकडे गेलं, पण गणित तेच राहिलं!



रेसिंगचे गेम खेळणारी मुलं हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. "स्टिअरिंगमागची पट्टी ओढली की गिअर पडतो, मग क्लच शिकायचाच कशाला?" 'मोठा झालास की कळेल' म्हणून हा प्रश्न उडवून लावू नका. यात आठवीच्या पोराला जमेल असं गुणोत्तर आहे, घर्षण आहे आणि पालकांनी आधीच लक्षात घ्यावी अशी सुरक्षेची एक गोष्ट आहे.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. पायाखाली असतं ते पेडल आणि स्टिअरिंगमागे बोटांनी ओढायची पट्टी ते पॅडल. उच्चार जवळचे असल्यामुळे वर्गात हमखास गोंधळ होतो.

आता फळ्याकडे चला. समजा, एका गाडीत तिसऱ्या गिअरला इंजिनाचे १.५ फेरे होतात तेव्हा पुढच्या शाफ्टचा एक फेरा होतो आणि दुसऱ्या गिअरला त्यासाठी २ फेरे लागतात. गाडी तिसऱ्यात आहे, इंजिन मिनिटाला ४५०० फेरे घेतंय. वेग तोच ठेवून दुसरा गिअर टाकला तर इंजिन किती फिरायला हवं? ४५०० भागिले १.५, गुणिले २, म्हणजे ६०००. गिअरच्या सायकलवर हलका गिअर टाकला की त्याच वेगाला पाय भरभर मारावे लागतात, तसंच हे.

हे वरचे १५०० फेरे आणायचे कुठून? ड्रायव्हरने काहीच न करता क्लच सोडला तर ते चाकांना आणावे लागतात. चाकं इंजिनाला ओढतात आणि तेवढा जोर टायर रस्त्याकडून घेतो. बाजारात जाताना फक्त एक हिसका बसतो. पण रेसच्या ट्रॅकवर वळणाआधी ब्रेक इतका दाबलेला असतो की टायरची पकड जवळपास संपलेलीच असते. त्यात हा हिसका मागच्या चाकांना बसला, की गाडीचं शेपूट सुटतं आणि गाडी गरकन फिरते.

म्हणून क्लच सोडायच्या आधी क्षणभर रेस द्यायची, म्हणजे इंजिन स्वतःच ६००० ला पोचतं. अडचण अशी की पेडल तीन आणि पाय दोन. डावा क्लचवर, उजवा ब्रेकवर. मग रेस कोण देणार? इथे 'हील अँड टो' नावाची युक्ती कामाला येते. उजव्या पायाच्या चवड्याने ब्रेक दाबून ठेवायचा आणि त्याच पायाची टाच किंवा बाहेरची कड वळवून अ‍ॅक्सिलरेटरला टपली मारायची. खरी गोम टपलीत नाही. टपली मारताना ब्रेकवरचा दाब हलू न देण्यात आहे. ब्राझीलच्या आयर्टन सेनाचा सुझुका ट्रॅकवर होंडा एनएसएक्स चालवतानाचा जुना व्हिडिओ मुलांना जरूर दाखवा. पायांवर कॅमेरा लावलेला आहे, पायात रेसिंगचे बूटही नाहीत, आणि पाय तबल्यावरच्या बोटांसारखे चालतात.

आपल्याकडच्या जुन्या ट्रक ड्रायव्हरांना यातलं अर्धं काम पोटापाण्यासाठीच शिकावं लागलं. सिंक्रोमेश नसलेल्या गिअरबॉक्समध्ये खालचा गिअर टाकताना न्यूट्रलमध्ये रेस देऊन क्लच दोनदा दाबावा लागे, नाहीतर गिअर करकरत बाहेर!

फॉर्म्युला वनमध्ये पॅडल आलं ते १९८९ साली, जॉन बर्नार्ड यांनी आखलेल्या फेरारी ६४० मध्ये. गिअरची दांडी गेल्यामुळे ड्रायव्हरची जागा अरुंद ठेवता आली आणि हात स्टिअरिंगवरून उचलायची गरज उरली नाही. पहिलीच शर्यत ब्राझीलमध्ये होती आणि नायजेल मॅन्सेल चक्क जिंकले. पुढे त्या वर्षी हा गिअरबॉक्स बऱ्याचदा बिघडला, पण दांडीचे दिवस भरले ते भरलेच.

मुलांना नेमकं काय सांगायचं? पॅडलने ते १५०० फेरे रद्द केले नाहीत. ते आजही द्यावेच लागतात, फक्त देणारा बदलला. तुम्ही पट्टी ओढता, कॉम्प्युटर क्लच सोडवतो, रेस देतो, गिअर टाकतो. ड्युअल क्लच प्रकारात तर एका क्लचवर १, ३, ५ आणि दुसऱ्यावर २, ४, ६ असे गिअर असतात. पुढचा गिअर आधीच तयार असतो. वेगात माणूस याच्याशी स्पर्धा करूच शकत नाही. तरीही पोर्शने २०१३ ची ९११ जीटी३ फक्त पॅडलवर आणली, आणि २०१७ मध्ये दांडीचा पर्याय परत दिला. हातापायांनी करायच्या कामात माणसाला रस असतो, दुसरं काय!

क्लचचं पेडल गेल्यावर डावा पाय मोकळा झाला, आणि ट्रॅकवर तो ब्रेकसाठी वापरतात. एका पेडलवरून दुसऱ्यावर पाय नेण्यात जाणारा वेळ वाचतो. ही युक्ती पॅडलच्याही आधीची. फिनलंडचे राऊनो आल्टोनेन, टिमो मॅकिनेन हे १९६० च्या दशकात मिनी कूपर चालवताना उजव्या पायाने रेस चालू ठेवून डाव्याने ब्रेक मारत. पुढची चाकं ओढत राहत आणि मागची सैल पडून गाडी वळे.

पालकहो, इथे जरा थांबा. गो-कार्टमध्येही डावा पाय ब्रेकवरच असतो. कार्टिंग केलेला मुलगा किंवा मुलगी अठराव्या वर्षी घरच्या गाडीत बसली की ती सवय सोबत येते. गाडी क्लचवाली असेल तर घाबरल्यावर डावा पाय जोरात क्लचवर जाईल आणि गाडी थांबणारच नाही. ऑटोमॅटिक असेल तर दोन्ही पाय एकदम दोन्ही पेडलांवर पडू शकतात. उलट, क्लचवर तयार झालेल्या पायाने ब्रेक मारून पाहिला तर तो पेडल तळापर्यंत दाबतो आणि मागचा माणूस आपल्यावर आदळतो. म्हणून रस्त्यावर ऑटोमॅटिक चालवताना डावा पाय बाजूच्या टेकणीवर ठेवायचा. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर, दोन्ही उजव्याकडे. यात सूट नाही. हील अँड टोचा सरावही रस्त्यावर नको.

मग शिकताना कुठली गाडी घ्यावी? माझं मत क्लचवालीच्या बाजूने आहे. गाडी बंद पडते, हिसके देते, आणि प्रत्येक हिसक्यातून इंजिन आणि चाक यांचा हिशेब जुळला नाही हे पायाला कळतं. वर्गात घेणार असाल तर आधी ४५०० आणि ६००० चं गणित सोडवून घ्या, मग सेनाचा व्हिडिओ आवाज चालू ठेवून लावा. खालचा गिअर पडताना इंजिनाचा आवाज क्षणभर चढतो, तो मुलांना ओळखायला सांगा.