‘मरीनम’ हे नाव आणि पाण्यातील जखमेनंतरचा अस्थिरोग

मायकोबॅक्टेरिअम मरीनम हा क्षयाच्या जंतूचा आप्त होय. माशाचा काटा रुतला, कालवाच्या शिंपल्याची धार लागली, अथवा मत्स्यपेटी धुताना बोट खरचटले, की तो त्वचेत शिरतो. बहुधा तेथेच गाठ उत्पन्न करून तो थांबतो. क्वचित मात्र स्नायुबंधांच्या आवरणातून सांध्यात व हाडात उतरतो आणि अस्थिमज्जेचा दाह सुरू होतो. वैद्यकातील हा विषय भाषेच्या अभ्यासकाने हाती घ्यावा, याचे कारण त्याच्या नावातच आहे.

१९२६ साली जोसेफ अ‍ॅरन्सन यांनी फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातील खाऱ्या पाण्याच्या माशांत हा जंतू शोधला व त्यास ‘मरीनम’, म्हणजे ‘सागरी’, हे विशेषण दिले. (लॅटिनमध्ये ‘बॅक्टेरिअम’ नपुंसकलिंगी, म्हणून विशेषणही तसेच.) पुढे स्वीडनमध्ये पोहण्याच्या तलावात खरचटलेल्या लोकांच्या त्वचेतून नॉर्डेन व लिनेल यांना एक जंतू मिळाला, १९५४ साली त्याचे नाव ‘बाल्नेई’, ‘स्नानागाराचा’, असे ठेवण्यात आले. दोन्ही जंतू एकच ठरल्यावर अग्रक्रमाच्या नियमाने जुने नाव टिकले. नियम रास्त आहे. परंतु त्यामुळे अधिक फसवा वाच्यार्थ शिल्लक राहिला. हा जंतू गोड्या पाण्यातही राहतो, आणि आज पुष्कळ रोग्यांना तो घरच्या मत्स्यपेटीतूनच जडतो.

‘समुद्रावर गेला होतात काय?’ या प्रश्नास असा रोगी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो, आणि चौकशी तेथेच संपते. गाठ काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी उठते. तोवर ओरखडा विस्मृतीत गेलेला असतो. मग सूज संधिवाताची समजून स्टेरॉइडची सुई टोचली जाते, आणि जंतूला रान मोकळे मिळते. ‘हाताला जखम असताना पाण्यात किंवा मासळीत हात घातला होता का?’ असे विचारावयास हवे.

उत्तर ‘होय’ आले, तर ते प्रयोगशाळेच्या चिठ्ठीवरही लिहावे लागते. हा जंतू सुमारे ३० ते ३३ अंश सेल्सिअस उष्णतेत उत्तम वाढतो. शरीराच्या गाभ्यापेक्षा थंड असलेली बोटे त्याला मानवतात ती याचमुळे. नेहमीचे संवर्धन ३७ अंशांवर होते. तेथे तो बहुधा उगवतच नाही आणि अहवाल निर्दोष येतो. निदान झाल्यावर क्लॅरिथ्रोमायसिन, इथॅम्ब्युटॉल, रिफाम्पिसिन यांपैकी औषधे एकत्र, कित्येक महिने द्यावी लागतात; हाड पोखरले असल्यास शस्त्रक्रियाही करावी लागते.